उघड नकार आणि आतला नकार

पक्षाने दिलेल्या उमेदवाराचे काम आपण करणार नाही, असे तोंडावर सांगणारा पुढारी कोकणात क्वचितच भेटतो. काम न करणारे मात्र प्रत्येक निवडणुकीत, प्रत्येक तालुक्यात असतात. ते प्रचारफेरीत पुढे चालतात, उमेदवाराच्या गळ्यात हार घालतात, व्यासपीठावर दुसऱ्या रांगेत बसतात, आणि मतदानाच्या आदल्या दोन रात्री त्यांचा फोन लागत नाही. उघड नकाराला बंडखोरी, गद्दारी, शिस्तभंग अशी नावे आहेत; या दुसऱ्या नकाराबद्दल निकालानंतर चहाच्या टपरीवर ‘अमक्याने आतून काम केले नाही’ एवढेच बोलले जाते आणि विषय तिथेच संपतो. पक्षनिष्ठेचा आपला सगळा व्यवहार उघड नकाराला शिक्षा करतो आणि आतल्या नकाराकडे काणाडोळा करतो, असे मला बऱ्याच वर्षांच्या निरीक्षणावरून वाटते. शिवाय आतल्या नकाराची किंमतही कोणीतरी भरतोच. फक्त ती भरणारा माणूस वेगळा असतो.

मी वेंगुर्ले तालुक्यातला, म्हणजे सावंतवाडी विधानसभा मतदारसंघातला मतदार आहे, त्यामुळे उघड नकाराचे सर्वांत ठळक उदाहरण मला लांब शोधावे लागत नाही. 2014 च्या लोकसभा निवडणुकीत रत्नागिरी-सिंधुदुर्गातून काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचे उमेदवार होते काँग्रेसचे तत्कालीन खासदार नीलेश राणे, आणि सावंतवाडीचे आमदार दीपक केसरकर होते राष्ट्रवादीचे. आघाडीधर्मानुसार केसरकरांनी राणे यांचा प्रचार करणे अपेक्षित होते. जिल्ह्यातल्या दडपशाहीच्या राजकारणाचा मुद्दा पुढे करून त्यांनी ‘हा प्रचार मी करणार नाही’ असे जाहीर केले. तब्येत बिघडल्याचे कारण त्यांनी दिले नाही, अचानक परगावीही गेले नाहीत. शिवसेनेचे विनायक राऊत सुमारे दीड लाख मतांनी निवडून आले. त्या वर्षीची देशभरातली लाट लक्षात घेता हा निकाल एका आमदाराच्या नकाराने घडला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, परंतु आमच्या भागात त्या नकाराने मतदाराची भीड मोडली, हे त्या एप्रिल महिन्यात इथे असलेल्या कोणालाही नाकारता येणार नाही.

त्या नकाराची किंमत काय पडली? पहिली किंमत म्हणजे पक्ष. काही महिन्यांतच केसरकर राष्ट्रवादी सोडून शिवसेनेत गेले. दुसरी किंमत खरे तर किंमत नव्हतीच, ती कमाई होती: त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत ते शिवसेनेच्या चिन्हावर निवडून आले, राज्यमंत्री झाले आणि जिल्ह्याचे पालकमंत्रीही झाले. त्याच निवडणुकीत शेजारच्या कुडाळ मतदारसंघात खुद्द नारायण राणे शिवसेनेच्या वैभव नाईक यांच्याकडून पराभूत झाले. थोडक्यात, ज्याच्या मागे स्वतःची मते आहेत आणि ज्याला दुसऱ्या घराचे दार उघडे आहे, त्याला उघड नकार परवडतो. केसरकरांचा नकार तत्त्वाचा होता की हिशेबाचा, यावर आमच्याकडे आजही वाद रंगतो. मला तो वाद फारसा फलदायी वाटत नाही, कारण राजकारणातल्या बहुतेक धाडसांमध्ये ही दोन्ही द्रव्ये असतात. त्यांनी ते उघडपणे केले, म्हणून मतदार त्यावर मत बनवू शकला, हे मात्र मला महत्त्वाचे वाटते.

आतला नकार प्रत्यक्षात कसा दिला जातो, हे शहरातल्या वाचकांना माहीत नसते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आमच्याकडे निवडणूक मोठ्या सभांवर ठरत नाही. वाडीवाडीतल्या खळा बैठकांवर, म्हणजे कोणाच्या तरी घरासमोरच्या सारवलेल्या खळ्यात तीस-चाळीस माणसे बसतात त्या बैठकांवर ती ठरते. त्या बैठका कोण लावतो, कोणाच्या खळ्यात लावतो, मानकऱ्याला आधी भेटतो की नंतर, मुंबईच्या मंडळाला कळवतो की नाही, यांवर बरेच अवलंबून असते. लोकसभेची निवडणूक आमच्याकडे ऐन आंब्याच्या हंगामात येते (2014 साली मतदान 17 एप्रिलला होते, 2024 साली 7 मेला), त्यामुळे बागायतदाराला वेळ नसतो आणि चाकरमानी अर्धा गावात, अर्धा मुंबईत असतो. अशा वेळी मनापासून काम करणारा कार्यकर्ता चाकरमान्यांच्या गाडीची सोय बघतो, मतदार यादीत खुणा करतो, पोलिंग एजंट कोण बसणार हे आठवडाभर आधी ठरवतो, दुपारी तीनला कोण मतदानाला आले नाही याची यादी काढून माणसे धाडतो. आणि नाराज कार्यकर्ता? तोही टेबल मांडतो, झेंडा लावतो, चिठ्ठ्या वाटतो. फक्त तीन वाजताची यादी काढत नाही. त्याच्यावर शिस्तभंगाची नोटीस कोणत्या कलमाखाली काढायची?

अशा एका बूथप्रमुखाने एकदा मला सरळ सांगितले होते, ‘आमी सायबांचे, पण ह्या उमेदवाराचे नाय.’ तो आपल्या नेत्याशी अत्यंत प्रामाणिक होता आणि आपण काही चुकीचे करत आहोत असे त्याला मुळीच वाटत नव्हते. निष्ठा माणसावर असेल तर पक्षाचा उमेदवार हा फक्त एक निरोप उरतो, आणि निरोप पोहोचला नाही तर त्याचा दोष कोणावर ठेवायचा हे कोणालाच नीट ठरवता येत नाही.

ही माणसे एक गोष्ट मात्र विसरतात. मतदान गुप्त असले तरी बूथ गुप्त नसतो. मतमोजणीनंतर बूथनिहाय आकडे नमुना 20 मध्ये नोंदले जातात आणि ते कोणालाही पाहता येतात. आमच्यासारख्या विरळ वस्तीच्या भागात एक बूथ म्हणजे अनेकदा एक गाव, किंवा त्याहून लहान, दोन-तीन वाड्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पुढारी हा कागद घेऊन बसतो आणि कोणत्या वाडीने दगा दिला हे त्याला पाच मिनिटांत समजते. कोणत्या माणसाने दिला हे मात्र त्या कागदावर नसते. म्हणून शिक्षा वाडीला होते. रस्त्याचे डांबरीकरण पुढच्या वर्षावर जाते, साकवाचा, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाचा, प्रस्ताव ‘तांत्रिक कारणास्तव’ परत येतो, नळपाणी योजनेच्या दुरुस्तीसाठी पत्र मिळत नाही. काम न करणारा कार्यकर्ता तोपर्यंत विजयी मिरवणुकीत गुलाल खेळून आलेला असतो, किंवा पराभव झाला असेल तर चिंतन बैठकीत सर्वांत मोठ्या आवाजात बोललेला असतो.

यावर उपाय नाही असे नाही. अनेक बूथांची मते एकत्र मोजून फक्त बेरीज दाखवणारे ‘टोटलायझर’ यंत्र वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने 2008 साली केंद्र सरकारपुढे ठेवला होता, आणि विधी आयोगाने 2015 च्या आपल्या 255 व्या अहवालात त्याला पाठिंबाही दिला. सरकारने तो स्वीकारला नाही. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. बूथनिहाय आकडा हे आज सर्वच पक्षांचे, आपल्याच कार्यकर्त्यांना धाकात ठेवण्याचे, सर्वांत स्वस्त साधन आहे.

2024 च्या लोकसभा निवडणुकीत हे सगळे आमच्या डोळ्यांसमोर मोठ्या प्रमाणावर घडले. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. 2005 साली नारायण राणे यांची शिवसेनेतून हकालपट्टी झाली, ते काँग्रेसमध्ये गेले आणि त्याच वर्षी मालवणची पोटनिवडणूक त्यांनी जिंकली. त्यानंतर जवळजवळ दोन दशके सिंधुदुर्गात शिवसैनिक असणे म्हणजे राणेविरोधक असणे, असेच समीकरण होते. त्यासाठी लोकांनी मारामाऱ्या केल्या, पोलिस ठाण्याच्या फेऱ्या मारल्या, सोयरिकी मोडल्या. 2019 च्या विधानसभेत राज्यभर भाजप-शिवसेना युती असतानाही कणकवलीत भाजपने नितेश राणे यांना उमेदवारी दिली म्हणून शिवसेनेने त्यांच्याविरुद्ध स्वतःचा अधिकृत उमेदवार उभा केला. म्हणजे तिथे पक्षानेच मित्रपक्षाच्या उमेदवाराला उघड नकार दिला, आणि मतदारांनी नितेश राणे यांना निवडून दिले. मग 2022 मध्ये शिवसेना फुटली. सावंतवाडीचे केसरकर, रत्नागिरीचे उदय सामंत, दापोलीचे योगेश कदम, महाडचे भरत गोगावले एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. कुडाळचे वैभव नाईक, राजापूरचे राजन साळवी, गुहागरचे भास्कर जाधव उद्धव ठाकरे यांच्याबरोबर राहिले. आणि 2024 मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गची जागा भाजपकडे जाऊन उमेदवार ठरले नारायण राणे.

शिंदे यांच्या शिवसेनेतल्या एखाद्या तालुकाप्रमुखाची त्या वेळची अवस्था डोळ्यांसमोर आणावी. धनुष्यबाणाचे चिन्ह आपल्या पक्षाला मिळाले म्हणून त्याने फेब्रुवारी 2023 मध्ये पेढे वाटले होते. आणि पहिल्याच लोकसभा निवडणुकीत, 1996 पासून ज्या भागात त्याच्या पक्षाचे चिन्ह मतपत्रिकेवर असायचेच, त्या भागात धनुष्यबाण नव्हता, कमळ होते, आणि कमळाच्या शेजारी ज्यांच्याविरुद्ध तो वीस वर्षे घोषणा देत आला त्यांचे नाव होते. उघड नकार देणारे फार थोडे निघाले. ज्यांनी 2014 साली मुलाचा प्रचार करायला जाहीर नकार दिला होता, त्या केसरकरांनी 2024 मध्ये वडिलांचा प्रचार केला. राणे सुमारे 48 हजार मतांनी निवडून आले, त्यांना खरी साथ सिंधुदुर्गातल्या तीन विधानसभा क्षेत्रांनी दिली, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या क्षेत्रांत ठाकरे यांच्या शिवसेनेचे विनायक राऊत पुढे राहिले. महायुतीचेच मंत्री ज्या रत्नागिरीचे प्रतिनिधित्व करतात तिथे महायुतीचा उमेदवार मागे पडल्यामुळे निकालानंतर भाजपमधून जाहीर नाराजी व्यक्त झाली. त्या नाराजीत तथ्य होते असे माझे म्हणणे नाही. एखादा नेता मनापासून राबला तरी त्याचा मतदार त्याच्या सांगण्यावरून वीस वर्षांची अढी विसरेलच असे नसते. परंतु जिथे नकार उघड देण्याची सोय नसते, तिथे प्रामाणिकपणे राबलेल्या माणसावरही संशय येतो, आणि तो दूर करण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नसते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो, तेही पाहण्यासारखे आहे. 1985 च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार सदस्य दोन कारणांनी अपात्र ठरतो: त्याने स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडले तर, किंवा सभागृहात पक्षादेश मोडून मतदान केले तर. पक्षादेश, ज्याला सगळे व्हिप म्हणतात, तो सभागृहाच्या आत चालतो. खळा बैठकीत व्हिप नसतो. त्यामुळे नुसता प्रचार न करणाऱ्या आमदाराचे या कायद्याने काही बिघडत नाही. मात्र ‘स्वेच्छेने सदस्यत्व सोडणे’ याचा अर्थ फक्त राजीनामा असा नाही, तो वागणुकीवरूनही काढता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली रवी नाईक प्रकरणात स्पष्ट केले. हे प्रकरण आमच्या सीमेपलीकडच्या गोव्यातले होते. संयुक्त जनता दलाचे शरद यादव 2017 साली विरोधी पक्षाच्या सभेला गेले आणि त्यांचे राज्यसभेचे सदस्यत्व गेले, ते याच तर्काने. याचा व्यवहारातला अर्थ आमच्याकडचा प्रत्येक आमदार जाणतो: घरी बसलात तर सुरक्षित, विरोधी उमेदवाराच्या मंचावर गेलात तर धोका. म्हणजे कायदासुद्धा माणसाला गप्प राहून नकार द्यायलाच शिकवतो. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगर परिषद यांच्या सदस्यांना लागू असलेला 1986 चा राज्याचा कायदा याच साच्याचा आहे.

आणि पक्ष नेमका कोणता, हा प्रश्न सुटलेला असेल तरच हे सगळे लागू होते. भरत गोगावले यांना शिवसेनेचे मुख्य प्रतोद, म्हणजे पक्षादेश काढणारे, म्हणून विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 रोजी बेकायदा ठरवली, कारण प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नव्हे. आणि 10 जानेवारी 2024 रोजी अध्यक्षांनी शिंदे गट हाच खरा पक्ष असे ठरवून गोगावले यांची नेमणूक वैध मानली. महाडच्या एखाद्या शाखाप्रमुखाने या दोन तारखांच्या मधल्या आठ महिन्यांत कोणाशी निष्ठा ठेवायची होती, याचे उत्तर त्याला कोणत्याही निकालपत्रात मिळाले नसते.

पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला नकार देण्याचे आपल्या देशातले सर्वांत मोठे उदाहरण 1969 सालचे, आणि त्याच्याशी कोकणचा एक धागा जुळतो. झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर राष्ट्रपतिपदासाठी काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. त्यांना पुढे आणणाऱ्या ‘सिंडिकेट’मध्ये, म्हणजे पक्षातल्या ज्येष्ठ नेत्यांच्या गटात, मुंबईचे स. का. पाटील प्रमुख होते, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आज मालवणात आहे. इंदिरा गांधींनी रेड्डी यांच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही केली, आणि नंतर पक्षादेश काढण्यास नकार देऊन सदसद्विवेकबुद्धीने मतदान करण्याचे आवाहन केले. व्ही. व्ही. गिरी निवडून आले. 12 नोव्हेंबर 1969 रोजी पंतप्रधानांनाच पक्षातून काढण्यात आले आणि पक्ष दुभंगला. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे: 1971 मध्ये जनतेने त्यांच्या बाजूने कौल दिला, तर सिंडिकेट इतिहासजमा झाले. मला यात एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. आवाहन उघड होते, पण मते गुप्त होती. इंदिरा गांधींनी जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतली म्हणून शेकडो आमदार-खासदारांना गुप्तपणे नकार देता आला, आणि हकालपट्टी झाली ती त्यांची. वरच्या माणसाने उघड नकार दिला की खालच्याची किंमत कमी होते, हे त्यातून दिसते. आमच्याकडे नेमके उलट होते. वरचा नेता हात वर करून ‘मी तर सांगितले होते’ म्हणतो आणि खालच्याला आकड्यांचा जाब विचारला जातो.

गुप्त मतांचा फटका कोकणालाही बसला आहे. राज्यसभेच्या निवडणुकीत 2003 पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. विधान परिषदेत अजूनही मतदान गुप्त आहे. फरक किती पडतो हे जून 2022 मध्ये दिसले. 20 तारखेच्या विधान परिषद निवडणुकीत काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले, महाविकास आघाडीची मते फुटली, आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे सुरतेच्या वाटेला लागले. आधी गुप्त नकार, मग उघड. 12 जुलै 2024 रोजी तसेच पुन्हा घडले, आणि या वेळी पडले ते शेतकरी कामगार पक्षाचे अलिबागचे जयंत पाटील. अकरा जागांसाठी बारा उमेदवार होते, काही आघाडीच्या आमदारांची मते दुसरीकडे गेली, आणि रायगडमधल्या एका जुन्या पक्षाची विधिमंडळातली जागा गेली. ज्यांनी मते फिरवली त्यांपैकी एका जरी आमदाराने उभे राहून ‘मला हा उमेदवार मान्य नाही’ असे आधी सांगितले असते, तर निदान पाटील यांना आपले गणित दुसऱ्या ठिकाणी जुळवता आले असते.

अमेरिकेत 2016 साली झालेल्या प्रकाराशी तुलना करण्याचा मोह आमच्या मित्रमंडळात अनेकांना होतो, आणि तिच्यात काही अर्थ आहे, पण तो सहसा सांगितला जातो तो नव्हे. रिपब्लिकन पक्षाच्या क्लीव्हलँड इथल्या अधिवेशनात 20 जुलैला सिनेटर टेड क्रूझ यांनी पक्षाचे उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांना पाठिंबा जाहीर न करता ‘सदसद्विवेकबुद्धीने मत द्या’ असे सांगितले, आणि सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. दोन महिन्यांत त्यांनी पाठिंबा दिला, आणि 2018 मध्ये टेक्सासची आपली जागा त्यांनी तीन टक्क्यांहूनही कमी फरकाने राखली, तेव्हा ट्रम्प त्यांच्या प्रचाराला आले होते. अधिवेशन ज्या ओहायो राज्यात होते तिथले गव्हर्नर जॉन केसिक त्या सभागृहाकडे फिरकलेच नाहीत. ॲरिझोनाचे सिनेटर जेफ फ्लेक यांनी पाठिंबा कधीच दिला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले. तिथे उमेदवार प्राथमिक फेऱ्यांमध्ये पक्षाचे मतदार निवडतात. त्यामुळे उमेदवाराला नाकारणारा नेता आपल्याच मतदारांची निवड नाकारतो, आणि पुढच्या प्राथमिक फेरीत त्याच मतदारांसमोर त्याला उभे राहावे लागते. आपल्याकडे उमेदवार ठरवतो तो एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचे अधिकृत उमेदवारीचे पत्र. नमुना अ आणि नमुना ब शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोहोचले की उमेदवार ठरला. तो मुंबईहून किंवा दिल्लीहून येतो, आणि गावातल्या मतदाराला त्या निवडीत काडीचा भाग नसतो. म्हणून आमच्याकडे उघड नकार देणाऱ्याला मतदार सहसा शिक्षा करत नाही. कधी कधी त्याच्याबद्दल सहानुभूतीच वाटते. शिक्षा करते ती पक्षाची यंत्रणा, आणि यंत्रणेची शिक्षा तिला गरज पडेपर्यंतच टिकते.

गुहागरचे उदाहरण पाहा. 2009 साली परंपरेने भाजपकडे असलेली ती जागा शिवसेनेने रामदास कदम यांच्यासाठी घेतली. भाजपचे विनय नातू यांना ते मान्य झाले नाही, ते अपक्ष उभे राहिले, मते विभागली आणि राष्ट्रवादीचे भास्कर जाधव निवडून आले. 2014 मध्ये युती तुटली तेव्हा त्याच नातूंना भाजपने उमेदवारी दिली. स्वतः जाधवांचा प्रवास याहून बोलका आहे: 2004 साली शिवसेनेने तिकीट नाकारले म्हणून अपक्ष लढले आणि पडले, राष्ट्रवादीत गेले, मंत्री झाले, 2019 मध्ये शिवसेनेत परत आले आणि पुन्हा निवडून आले. ज्याच्याजवळ मते आहेत त्याच्या गद्दारीची मुदत एक-दोन निवडणुकांपुरती असते.

ज्याच्याजवळ फक्त आपले गाव आहे, त्याचे काय होते? मला परिचित असलेल्या एका कार्यकर्त्याने, त्याचे नाव किंवा पक्ष सांगण्याचे कारण नाही, एका निवडणुकीत तालुक्याच्या बैठकीत उठून सांगितले की या उमेदवाराचे काम मला जमणार नाही, विरोधातही जाणार नाही, मला या एका निवडणुकीपुरते मोकळे करा. बैठकीत कोणी त्याला वाईट बोलले नाही. पुढच्या बैठकीचा निरोप आला नाही, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातून त्याचे नाव गेले, आणि जिल्हा परिषदेच्या गटासाठी त्याच्या नावाची जी चर्चा वर्षभर होती ती बंद झाली. जिल्हा परिषदांवर 2022 पासून प्रशासक बसले आणि निवडणुकाच लांबल्या, त्यामुळे त्याने काय गमावले हेही त्याला बराच काळ नीट मोजता आले नाही. त्याच बैठकीत शेजारी बसलेला दुसरा एक जण, जो काम करणार नाही हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होते, तो ‘पक्षाचा आदेश शिरसावंद्य’ म्हणाला. त्याच्या गावाची आकडेवारी वाईट आली. तो आजही पदावर आहे.

मला पक्षशिस्तीचे महत्त्व अमान्य नाही. प्रत्येकाने आपल्या मनासारखा उमेदवार असेल तरच काम करायचे ठरवले, तर पक्ष चालणार नाही, आणि पक्ष नसलेली निवडणूक म्हणजे धनिकांची निवडणूक होते. बारीक फरकाने लागणाऱ्या निकालांत तर एका तालुक्याचा रुसवा पुरतो. 2014 साली रायगडमध्ये अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांना अवघ्या 2,110 मतांनी हरवले, आणि तटकरे यांच्याच नावाच्या एका अपक्षाने त्याच निवडणुकीत नऊ हजारांहून अधिक मते घेतली होती. त्यामुळे पक्षांना धास्ती वाटते ती समजण्यासारखी आहे. परंतु त्या धास्तीने ते ज्या नकाराचा बंदोबस्त करतात, तो नकार आधीच त्यांच्यासमोर आलेला असतो. तिथे दुसरा माणूस नेमता येतो, उमेदवाराला त्या गावात जास्त वेळ देता येतो, नाराजीचे कारण तरी विचारता येते. जो नकार कळतच नाही, त्यावर काहीच करता येत नाही.

माझी अपेक्षा साधी आहे. तालुक्याच्या बैठकीत उमेदवार जाहीर झाल्यावर ज्यांना काम करायचे नाही त्यांनी तसे लेखी द्यावे, पक्षाने त्यांना त्या निवडणुकीपुरते जबाबदारीतून मोकळे करावे, विरोधी उमेदवाराच्या मंचावर गेले तरच कारवाई करावी, आणि निवडणूक संपल्यावर ते पत्र त्यांच्याविरुद्ध वापरू नये. एका पक्षाच्या जिल्हा पातळीवरच्या पदाधिकाऱ्यापुढे मी ही कल्पना मांडली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, ‘लेखी मागितले तर कोणीच देणार नाही, आणि दिलेच, तर पुढच्या वेळी तिकीट मागताना विरोधक तोच कागद पुढे करतील.’ दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही बूथनिहाय कागद घेऊन निम्मा तालुका संशयाने चाळण्यापेक्षा त्याच्या टेबलावर अशी दहा पत्रे असती, तर त्या निवडणुकीत निदान दहा वाड्यांमध्ये तीन वाजताची यादी काढणारे दुसरे कोणीतरी त्याला आधीच शोधता आले असते.